टॉवेलाखाली ठरलेल्या बारा जोड्या

मु. सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
(तुमच्या-माझ्या तोंडी अजून नगरच)
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप रामहरी दाजींच्या पायाशी सोनईच्या बन्सीचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, वाकून नमस्कार. राहीआक्काचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर काय म्हणते? उसाचा रस बंद केलात, का जामखेडच्या स्टँडवर 'एकच हाफ' अजून चालू आहे? इकडे सगळे खुशाल. घरची मालकीण केशरबाई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, पोरगी सुकन्या तर फारच खुशाल आहे, आणि दाजी, चष्मा लावून आधी एवढं वाचा: सुकन्याचं लग्न झालेलं नाही.

तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येऊन राहते, म्हणजे तुम्ही मला ब्लॉक केलंय (हे तुम्हाला कोणी करून दिलं ते मी ओळखून आहे, तुम्हाला स्वतःला मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही). म्हणून कितीतरी वर्षांनी कागद-पेन घेऊन बसलोय. उद्या अजिनाथचा टेम्पो कांदा घेऊन जामखेडकडे निघेल, त्याच्या हाती हे पत्र देतोय आणि त्याला बजावलंय की दाजी वाचून होईपर्यंत दारातून हलू नकोस. तुमच्या कानावर काय आलं ते मला कळलंय. सुकन्याचं लग्न मंगल कार्यालयात परस्पर उरकलं, नवरा परदेशातला, वऱ्हाडही परदेशातलं, अर्धी सोनई जेवून गेली आणि घरच्या थोरल्या जावयाला साधं आमंत्रण नाही! असं खरंच झालं असतं तर तुमचा राग मी डोक्यावर घेतला असता. माझ्या लग्नात तुम्हाला पानसुपारी दुसऱ्या नंबरला दिली म्हणून अडीच वर्षं तुम्ही आमच्या दारावरून एसटीनं गेलात पण उतरला नाहीत, ते मी विसरेन का? शिवाय सुकन्यासाठी तुमच्या गावातल्या कल्याण नावाच्या पोराचं स्थळ तुम्हीच आणलेलं (पोरगा बँकेत आहे, निर्व्यसनी आहे, हे मी आजही म्हणतो), त्या लोकांपुढं तुमची काय अवस्था झाली असेल! पण दाजी, कार्यालय खरं, मांडव खरा, परदेशी मंडळी खरी, पंगतीही खऱ्या. फक्त लग्न नव्हतं. आता पाट घेऊन नीट बसा. लई मोठी गोष्ट घडलीय आणि मी अजून तिच्यातून बाहेर आलेलो नाही.

सुकन्या काय करते असं तुम्ही मला दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला 'डॉक्टर आहे' एवढंच सांगून फराळाचं ताट पुढं सरकवतो. खरं म्हणजे ती गोचिडाची डॉक्टर आहे. गावातली माणसं आजारी गाय घेऊन आमच्या दारात येतात, तर ही गाईच्या कानामागं बोट घालते, गोचीड काढते, बाटलीत भरते आणि 'झालं' म्हणते. गाय तशीच उभी. एवढी शिकून पोरगी गाईची न होता गोचिडाची झाली म्हणून मी मनातल्या मनात लई हळहळलो होतो. मग तिनं मला एकदा समजावून सांगितलं की या बारक्या किड्यापायी गाय तापते, दूध आटतं, प्रसंगी दावणीला मरते, आणि जुनी औषधं त्याला आता लागू पडेनात. हेच दुखणं ब्राझील नावाच्या देशात आपल्याहून जास्त. तिथली तिच्या वयाची पोरं त्यापायी खपतायत, इथली इथं खपतायत, आणि एकाची खबर दुसऱ्याला नाही. म्हणून हिनं आणि तिकडच्या लुसिया नावाच्या मुलीनं (दोघींची गाठ कॉम्प्युटरवरच पडलेली) मिळून परदेशातल्या एका संस्थेकडं अर्ज केला. अर्ज काय? तर या दोघी धरून इकडची बारा आणि तिकडची बारा, संशोधनाला नुकतीच लागलेली पोरं पाच दिवस एका जागी बसवायची आहेत, त्यांच्या विमानाचा, राहण्याचा, चहापाण्याचा खर्च तुम्ही उचला. कशासाठी? ओळख व्हावी म्हणून! दाजी, मी तिला तीनदा विचारलं. काही विकायचंय का? नाही. काही बांधायचंय? नाही. सभा, परीक्षा, मतदान? काही नाही. पोरांची एकमेकांशी ओळख व्हावी, पुढं त्यांनी मिळून काम करावं, एवढ्याचसाठी. आणि संस्थेनं 'हो' म्हटलं! मी उभा जन्म घोडेगावच्या गुरांच्या बाजारात एका अनोळखी माणसाची दुसऱ्या अनोळखी माणसाशी गाठ घालून देण्यात घालवला. लोकांनी मला दलाल म्हटलं, हेडी म्हटलं, मागून काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. आणि जगात अशीही माणसं आहेत की त्यांना नुसती ओळख करून देणं एवढं मोलाचं वाटतं की त्यासाठी ती समुद्रापलीकडून विमानानं पोरं आणवतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकं नवल वाटलं.

आता कार्यालयाचं ऐका. कॉलेजचा हॉल ठरला होता, पण ऐन वेळी तिथं परीक्षा लागल्या आणि पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, घाबरतेस कशाला, आपल्या आबासाहेबाचं मंगल कार्यालय आहे, खोल्या आहेत, गरम पाणी आहे, आचारी आहे, तिथंच घाल तुझी कार्यशाळा. (चूक इथून सुरू होते आणि ती माझी आहे.) आबासाहेब सवयीचा गुलाम. त्यानं काही न विचारता 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोल्या इकडच्या बारा जणांना दिल्या आणि 'वरपक्ष' लिहिलेल्या ब्राझीलवाल्यांना. कमानीला झेंडूच्या माळा. कार्यक्रम कोणाचा असं लायटिंगवाल्यानं विचारलं तेव्हा आचाऱ्यानं दोघींची नावं सांगितली, आणि सोमवारी सकाळी मी जाऊन बघतो तर कमानीवर लाल-हिरव्या दिव्यांत 'सुकन्या-लुसिया' असं झगझगतंय. आता लुसिया हे पोराचं नाव की पोरीचं, हे सोनईत कोणाला ठाऊक असणार?

आत खुर्च्याही लग्नातल्यासारख्या दोन बाजूंना, मधून वाट. इकडं आपली बारा, तिकडं त्यांची बारा. एकेक जण पुढं जायचा, पडद्यावर बैलाएवढा गोचीड दाखवायचा, काहीतरी वाचायचा, टाळ्या व्हायच्या. चहाची सुट्टी झाली की चोवीसच्या चोवीस जणांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली! त्यांची घरची भाषा पोर्तुगीज. आपल्यातली कोणी मराठी, कोणी कानडी, कोणी तमिळ. मधली भाषा इंग्रजी, पण ती दोन्ही घरी पाव्हणीच. एखादं धीट पोर वाट ओलांडून पलीकडं जायचं, दोघं हसायचे, हसणं संपलं की दोघं आपापल्या मोबाईलमध्ये. एवढी हुशार पोरं, दाजी, गोचिडाचे पाय मोजून त्याचं कूळ सांगतात, आणि समोरच्या माणसाला 'आपण मिळून काम करू या का' एवढं विचारताना घामाघूम होतात. नाही म्हणाला तर काय, ही धास्ती. आणि हे सगळं बघायला संस्थेनं एक साहेब धाडलेला. दांडगा उंच, पांढरी दाढी, दिवसभर पहिल्या रांगेत टेबलाशी वही उघडून बसायचा. त्याची अट साधी: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा जोड्या जुळायच्या, इकडचा एक आणि तिकडचा एक. एकानं दुसऱ्याच्या देशात जाऊन काम करायचं, एका महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत, दोघांत जे ठरेल ते, आणि मग वहीत दोघांच्या सह्या. मंगळवार संपला तरी वहीचं पान कोरं.

बुधवारी तर कहर झाला. मांडव आहे, माळा आहेत, कमानीवर आपल्या बन्सीच्या पोरीचं नाव आहे आणि दुपारच्या जेवणाला जिलबी तळतेय, तिचा वास रस्त्यापर्यंत. माणसं घरी थांबतील का? पहिला आला आमच्या शेजारचा छगन, नवी टोपी घालून, बायकोसह, काखेत आहेराची पिशवी. त्यानं आत पाहिलं, तर पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचा भारदस्त माणूस, पुढ्यात टेबल, टेबलावर उघडी वही. आता दाजी तुम्हीच सांगा, मांडवात टेबलाशी वही-पेन घेऊन कोण बसतं? आहेर लिहिणाराच बसतो. छगननं टॉवेल-टोपी टेबलावर ठेवली, साहेबाच्या कपाळाला कुंकू लावलं, स्वतःचं नाव सांगितलं आणि "ल्ह्या" म्हणून उभा राहिला. साहेब उठला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि नाव लिहून घेतलं (परक्या गावची रीत पाळणारा माणूस, मी त्याला तिथंच मनातून मानला). झालं! छगनमागं रांग लागली. तासाभरात साहेब टॉवेल-टोप्यांच्या ढिगामागं दिसेनासा झाला. सुकन्या धावत आली, "आप्पा, थांबवा हे!" म्हणून माझा दंड धरून हलवायला लागली. मी छगनला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, लग्न न्हाई, गोचिडाची कार्यशाळा हाय. तो डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणाला, "व्हय का? मंग गोचिडाला आमच्याकडनं." आणलेला आहेर कोणी परत नेतं का! जेवूनच गेली सगळी. ब्राझीलची पोरं हातात बादल्या घेऊन वाढत होती, आमच्या म्हाताऱ्या त्यांना 'जावईबापू' म्हणत होत्या. साहेबानं सुकन्याला विचारलं की या भागातल्या लोकांना संशोधनाबद्दल एवढी आस्था आहे का? ती 'हो' म्हणाली. (खोटं नाही. आता आहे.) हीच ती बातमी, जी फिरत फिरत तुमच्या दारात लग्न होऊन पोचली.

हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही. गुरुवारी संध्याकाळीसुद्धा वहीत एक सही नव्हती. सुकन्या कार्यालयामागं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर एकटी बसलेली. मी चहा घेऊन गेलो. तेव्हा तिनं सांगितलं की तिची नोकरी हंगामी आहे आणि मार्चअखेर संपते. ही कार्यशाळा साधली तर पुढचं काम मिळेल, फसली तर तिचा अर्ज पुन्हा कोणी उघडून बघणार नाही. मग चहाकडं बघत म्हणाली, "उद्या न्हाई जमलं तर जामखेडच्या मामांना फोन करा आप्पा. (ती तुम्हाला मामाच म्हणते.) कल्याणचं स्थळ बघू. मी व्हय म्हणीन. परत गोचिडाचं नाव काढायची न्हाई."

दाजी, तुमच्यापासून लपवत नाही. मला आनंदच झाला. वर्षभर ज्यासाठी तुम्ही आणि मी जोडे झिजवले ते आपोआप पदरात पडत होतं. मला काही करायचंच नव्हतं, एक शुक्रवार गप्प बसायचं होतं. पोरगी जामखेडला, राहीआक्काच्या नजरेखाली, सणाला घरी. मी उठणार तोच तिनं पर्समधून एक बारकी बाटली काढली, उजेडाकडं धरली आणि आतल्या गोचिडाकडं बघत राहिली. आमची तांबडी गाय विकली तेव्हा केशरबाई टेम्पोमागं अशी बघत उभी होती. मला लई वाईट वाटलं, आणि आनंद झाला होता त्याची लाजही वाटली.

शुक्रवारी त्यांना घोडेगावच्या बाजारात न्यायचं आधीपासून ठरलेलं होतं, जिवंत जनावरावरचे गोचीड बघायला. दोन मिनीबस थांबल्या आणि सगळा बाजार तोंडात बोट घालून बघायला लागला. पोरं, पोरी, साहेब, सगळ्यांच्या डोक्यावर आहेरातल्या पांढऱ्या टोप्या आणि खांद्यावर टॉवेल! त्यांना ती कार्यशाळेची वर्दी वाटलेली. ब्राझीलचा एक पोरगा गीर गाय बघून जागीच थांबला. तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. सुकन्यानं विचारून सांगितलं की त्याचा आजा म्हणायचा, आपल्या गाईंची आजी हिंदुस्थानातून जहाजानं आली, आणि त्याला लहानपणी ती थाप वाटायची. मी त्या गाईला पिढ्यान्‌पिढ्या बघतोय दाजी, तिचे दात मोजले, सड मोजले, पण तिचं गोत समुद्रापलीकडं नांदतंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग गोचिडांचा शोध सुरू झाला. तुम्हाला ठाऊक आहे, बाजाराला आणायच्या आधी माणूस जनावर घासून-पुसून, गोचीड वेचून, शिंगांना रंग लावून आणतो. ही पोरं अशा देखण्या जनावरांजवळून पुढं जायची, मालकांची तोंडं बारीक व्हायची. आळशी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेल्या आमच्या छगनचा बैल मात्र गोचिडांनी लडबडलेला. चोवीस जण त्याला गराडा घालून, शेपटी वर करून, मांड्यांत डोकं घालून आनंदानं ओरडतायत! छगनची छाती फुगली. शेजारचा मालक माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतो, "बन्सीभाऊ, गोचीड पायजे हुता तर आदी सांगायचं, आमी काढला नसता."

पण बाटल्या भरल्या आणि पुन्हा तेच. आपली बारा चहाच्या टपरीजवळ, त्यांची बारा रसाच्या गुऱ्हाळाजवळ. साहेबानं घड्याळ पाहिलं. सुकन्यानं ते पाहिलं. मी तिचं तोंड पाहिलं, आणि दाजी, माझ्यातला बाप गप्प बसायला तयार होता पण माझ्यातला दलाल काही बसेना. मला तुमचं आठवलं. मला मिसरूड फुटायच्या आत तुम्हीच याच बाजारात, याच लिंबाखाली, तुमच्या उपरण्याखाली माझा हात धरून सौदा शिकवला होता. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा म्हणजे पाच, दोनदा दाबला की दहा, नको असेल तर नुसता हात झटकायचा. मी तेव्हा विचारलं होतं, झाकायचं कशाला? तुम्ही म्हणाला होता, "आरं, चारचौघात न्हाई म्हणून घ्यायची लाज वाटती मानसाला. टावेलाखाली न्हाई म्हनलं तर कुनाला दिसतंय?" या पोरांना दुसरं काय झालं होतं? 'नाही' ऐकायला लागेल याचीच लाज! आणि टॉवेल तर प्रत्येकाच्या खांद्यावर तयार.

मी सुकन्याला म्हटलं, माझं शब्दाला शब्द सांग. मग दोन्ही टोळक्यांना लिंबाखाली बोलावलं. सांगितलं की इथं तोंडानं बोलायचं नाही, बोलायचं ते बोटांनी. समोरच्याबरोबर काम करायचं असेल तर किती महिने, तेवढी बोटं धरायची. नको असेल तर हात झटकायचा, वर तोंडावर काही दाखवायचं नाही. पहिली जोडी मीच लावली: तो गीर गाईचा पोरगा आणि आपल्याकडची रेश्मा नावाची एक अबोल मुलगी, जी पाच दिवसांत फक्त 'येस' म्हणाली होती. टॉवेल टाकला. तिनं त्याची तीन बोटं धरली असावीत, कारण तो दचकून हसला. त्यानं काहीतरी उत्तर दिलं, ती हसली. मग टॉवेल हलायला लागला, थांबला, पुन्हा हलला, आणि दोघांनी वर पाहिलं तेव्हा दोघांचे चेहरे उजळलेले. ठरलं! बाजार टाळ्या वाजवायला लागला. त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. सगळीकडं टॉवेल. कोणी हात झटकून पुढं जात होतं, कोणाला पत्ता नाही, कोणाचा अपमान नाही. आमचे जुने दलाल कामं सोडून मधे पडले, एकेकाला हाताला धरून योग्य माणसापुढं नेऊन उभं करू लागले. आणि गंमत म्हणजे ज्यांचं ठरलं त्यांची तोंडं जी उघडली ती मिटेनात! मोडकं इंग्रजी, हातवारे, मातीत काडीनं काढलेली चित्रं. रेश्मा तर भांडत होती त्या पोराशी, गोचिडाच्या कुठल्याशा ग्रंथीवरून. साहेबानं स्वतःचा टॉवेल काढून खाली अंथरला, त्यावर बसला आणि वहीत सह्या घ्यायला लागला.

अकरा जोड्या झाल्या. बारावी उरली ती सुकन्या आणि लुसिया, सगळ्यांचं जमवण्याच्या नादात स्वतःचं राहून गेलेल्या. सुकन्यानं लुसियाकडं जायचं हे ठरल्यातच जमा होतं, किती महिने तेवढंच बाकी. पण सुकन्या पडली कार्यशाळेची मालकीण, आणि बाजाराची रीत अशी की मालकानं स्वतः हात घालायचा नाही, त्याच्या वतीनं दलाल घालतो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी टॉवेलाखाली हात घातला. पलीकडून लुसियानं घातला. काही महिन्यांचं ठरलं. (आकडा जरा पुढं सांगतो.) वहीत बारावी सही पडली, साहेबानं उठून मला मिठी मारली आणि टोपी काढून माझ्यापुढं वाकला. मी, दाजी! घोडेगावचा हेडी! सुकन्यानं सांगितलं की साहेब म्हणतोय, जे काम करायला आम्ही इतकी वर्षं विमानं उडवतोय ते तुमच्याकडं एका टॉवेलात होतं. नंतर पोरगी सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडली. बाजारात ती याआधी अशी माझ्या गळ्यात पडली होती ती सहा वर्षांची असताना.

तर असं आहे. लग्न झालेलं नाही, तुमचा मान जिथल्या तिथं आहे आणि तुमची विद्या परदेशात पोचलीय. राग सोडा, ब्लॉक काढा. राहीआक्काला नमस्कार, रस बंद.

तुमचा मेहुणा,
बन्सी

ता.क. १. कल्याणच्या घरी तुम्ही जा. मी कोणत्या तोंडानं जाऊ? त्यांना सांगा, पोरगी काही महिने कामासाठी बाहेर जातेय, थांबणं न थांबणं त्यांच्या मर्जीवर. तुमच्यासाठी इथं एक टॉवेल-टोपी बाजूला काढून ठेवली आहे, साहेबाच्या हस्ते आलेली.

ता.क. २. आकडा. दाजी, लुसियानं आधी सहा महिने धरले. सहा चांगले होते, मला चालत होते, मनात मी 'ठरलं' म्हणूनही टाकलं होतं. पण तुमची शिकवण, पहिला आकडा कधी घ्यायचा नाही! माझा हात आपोआप झटकला गेला. तिनं बारा धरले. हात पुन्हा झटकला, आता तर मला चेव चढला होता. अठरा. पुन्हा झटकला. शेवटी तिनं चार वेळा पंजा दाबला आणि वर चार बोटं धरली, आणि मी तिच्या हातावर हात मारून ठरवून टाकलं. चोवीस! संस्थेचा वरचा भाव काढला म्हणून मी छाती काढून टॉवेल ओढला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मी विकणाऱ्याच्या बाजूनं नव्हतो, बापाच्या बाजूनं होतो. दोन वर्षं, दाजी. टॉवेलाखालचा शब्द फिरवायचा नाही हेही तुम्हीच शिकवलंय, तेव्हा यातली निम्मी चूक तुमची. केशरबाईला अजून सहाच महिने माहीत आहेत. ती जगात फक्त राहीआक्काचं ऐकते. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच होतं: आक्काला चार दिवस इकडं पाठवा आणि हे तिच्या तोंडून सांगवा.

ता.क. ३. पत्र पाकिटात घालत होतो तर सुकन्यानं ओढून घेऊन वाचलं आणि हसून हसून खाटेवर पडली. लुसियाला बोटांची भाषा तिनं बुधवारीच शिकवली होती म्हणे, पंगतीत वाढता वाढता. सांगून ठेवलं होतं की शुक्रवारी बाजारात कधी तरी आप्पांना राहवणार नाही. आपल्या दोघींचं आलं की सहापासून सुरू कर, आप्पा झटकत राहतील, तू चढत राहा. ही बोटं तिला कोणी शिकवली? तुम्हीच, ती सहा वर्षांची असताना, पेरूंवरून, तुमच्या उपरण्याखाली. इतकी वर्षं बाजारात मला कोणी फसवलं नाही दाजी, आणि पोरीनं सगळ्या घोडेगावादेखत फसवलं. मला राग यायला हवा होता. मी पत्र तिच्याकडून परत घेतलं आणि हे खाली लिहायला बसलो.

ता.क. ४. ती बारा एप्रिलला जाते, मुंबईहून. तुम्ही माझ्याबरोबर विमानतळावर या. सौदा झाला की हात आपण आधी सोडायचा, हे तुम्ही शिकवलेलं शेवटचं. ते मला इतकी वर्षं जमलं, त्या दिवशी जमणार नाही. घरचं माणूस लागेल कोणीतरी, माझा हात सोडवायला.